वायंगणी भाताला रोज तुंब पाणी कशाला?

संपादक साहेब,

नमस्कार. आपल्याकडे कोकणात अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, तरी फेब्रुवारी संपेपर्यंत वहाळ (ओढे) आटायला लागतात आणि वायंगणी म्हणजे उन्हाळी भात पोटरीत (कणसं बाहेर पडायच्या बेतात) असतानाच मळ्यात पाण्यावरून भांडणं सुरू होतात. कुणग्यात, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यात, कायम पाणी साठलेलं पाहिजे हे आपण धरूनच चाललोय, पण भात पाण्यात तग धरतो म्हणजे त्याला ते चोवीस तास लागतंच असं नाही.

कमी पाण्यात भात घ्यायची 'श्री' पद्धत १९८० च्या दशकात मादागास्करमध्ये सुरू झाली. १०-१२ दिवसांचा कोवळा तरवा (रोपं), एका जागी एकच रोप, २५ सेंटीमीटरवर, आणि जमीन नुसती ओली, बारीक भेगा दिसल्या की परत पाणी द्यायचं. फक्त फुलोऱ्यात पाणी तोडायचं नाही, तिथे चूक झाली की पळंज (पोकळ दाणे) वाढतं. बियाणं एकरी २ किलोच्या आसपास पुरतं, मुळांना हवा मिळून फुटवे जोरात येतात. पाणी आलटून पालटून दिलं तर ३० टक्क्यांपर्यंत वाचतं असं फिलिपिन्सची आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सांगते.

सेंद्रियवाल्यांनी तर हे आवर्जून करावं. बांधावरच्या गिरीपुष्पाचा पाला आणि शेणखत घातलं की युरियाचा खर्च वाचतो हे खरंच, पण तोच पाला साठलेल्या पाण्यात कुजला की मिथेन जास्त सुटतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरतो. म्हणून खत चांगलं कुजवून घाला आणि मधे मधे शेत सुकू द्या. तण मात्र वाढतं, त्याला कोनोवीडर (ओळींमधून हाताने ढकलायचं तण काढायचं अवजार) लागतो, आणि घरटी एक घेणं कुणालाच परवडणार नाही, ग्रामपंचायतीने दोन-चार घेऊन भाड्याने द्यावेत.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे पाणी वरच्या कुणग्यातून खालच्यात उतरतं, त्यामुळे एकट्याने बंद करायचं म्हटलं तर खालच्याचं शेत सुकतं, वरच्याने सोडलं की आपलं भरतं. पाळी ठरवायची तर अख्ख्या मळ्याने एकत्र बसायला हवं, आणि प्रात्यक्षिकं होतात ती एखाद्याच्या तुकड्यावर! माझी कृषी विभागाला कळकळीची विनंती आहे, वहाळावर बंधारे घालायच्या आधीच वाडीत बैठक घ्या आणि प्रात्यक्षिक एका मळ्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांना धरून करा.

एक भात शेतकरी,
ता. लांजा, जि. रत्नागिरी