‘संदेश स्पष्ट नाही’ म्हणून बाजूला पडलेले चित्र

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पर्यावरण दिनानिमित्त झालेल्या एका आंतरशालेय चित्रस्पर्धेला मी परीक्षक होते. अर्धे झाड हिरवे, अर्धे वाळलेले, पृथ्वीच्या डोळ्यांत पाणी, कोपऱ्यात कबुतर आणि खाली ‘झाडे लावा, झाडे जगवा’. कागदामागून कागद हेच. त्यात सातवीतल्या एका मुलीने नदीकाठचा वड काढला होता. पारंबीला लोंबकळणारी दोन मुले आणि बुंध्यावर पांढऱ्या रंगात घातलेला आकडा. दुसरे काही नाही. ‘संदेश स्पष्ट नाही’ म्हणून तो कागद बाजूला ठेवला गेला. मी पुष्कळ भांडले, तरी त्याला साधे उत्तेजनार्थही मिळाले नाही.

दिल्लीच्या चित्रकार अर्पणा कौर (जन्म १९५४) यांची चित्रे मी वर्गात नेहमी दाखवत असे. हिरोशिमावरच्या अणुबॉम्बला १९९५ मध्ये ५० वर्षे झाली, तेव्हा तिथल्या कलासंग्रहालयाने त्यांच्याकडून मुद्दाम चित्र करवून घेतले. त्याचे शीर्षक म्हणजे एक प्रश्न : सगळी फुले गेली कुठे? दिल्लीतले १९८४चे शीख हत्याकांड त्यांनी जवळून पाहिले आणि रंगवले. निसर्गाचा ऱ्हास हाही त्यांचा जुना विषय. त्यांच्या चित्रांत कात्री पुन्हा पुन्हा येते. एकीकडे बाई धागा ओवून कशिदा काढत बसलेली आणि दुसरीकडे तोच धागा कापायला उघडलेली कात्री. खाली घोषवाक्य नसते. माझ्या वर्गातल्या मुलांना ते कधी लागलेही नाही, कारण कात्री त्यांच्या घरात असते आणि ती काय करते हे त्यांना ठाऊक असते. बिहारच्या गोदना, म्हणजे गोंदणाच्या, शैलीतल्या चित्रकाराला सोबत घेऊनही कौर यांनी काम केले आहे. गोंदणाची नक्षी मुली चटकन ओळखायच्या, आजीच्या हातावर पाहिलेली असायची.

त्या सातवीतल्या मुलीने वेगळे काय केले? एप्रिल २०२३ मध्ये नदीसुधार प्रकल्पातल्या वृक्षतोडीविरुद्ध पुणेकर रस्त्यावर उतरले, त्याच महिन्यात शहरातली वेताळ टेकडी वाचवण्यासाठीही. तोडण्यासाठी आकडे घातलेले बुंधे या शहरातल्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले आहेत. तिने पाहिले तेच काढले. रडणारी पृथ्वी मात्र कुणी पाहिलेली नसते, ती पाठ करून आणलेली असते. पाठांतराला बक्षीस आणि निरीक्षणाला नकार, हे चित्रकलेच्या स्पर्धेत होता कामा नये.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. स्पर्धांच्या नियमांतून ‘घोषवाक्य आवश्यक’ ही अट आयोजकांनी काढून टाकावी. आणि महापालिकेने बालगंधर्व किंवा घोले रस्त्यावरच्या राजा रविवर्मा कलादालनात अर्पणा कौर यांच्या चित्रांचे प्रदर्शन ६ ऑगस्टच्या हिरोशिमा दिनाला धरून भरवावे. मूळ चित्रे आणणे जमत नसेल तर परवानगी घेऊन चांगल्या मोठ्या प्रती लावाव्यात. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामाशी असलेल्या मैत्रीतून उभे राहिले. ओकायामा प्रांत हिरोशिमा प्रांताला लागूनच आहे. प्रदर्शन पाहून झाल्यावर मुलांना त्या उद्यानात कोरे कागद देऊन बसवावे, विषय न देता.

एखाद्या शाळेला आधी तयारी करून घ्यायची असेल, तर वर्गात येऊन चित्रे दाखवायला मी केव्हाही तयार आहे.

– एक निवृत्त कलाशिक्षिका, कर्वेनगर, पुणे