दुसऱ्या अपिलाला मुदत हवी

महोदय,

रस्त्याच्या कामात पाणी कुठे मुरते हे शोधायचे, तर माहिती अधिकारात ‘रस्ता खराब का झाला?’ असे विचारून हाती काही लागत नाही. कायदा नोंदी मिळवून देतो, खुलासे नाहीत. मागावे ते अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, गुणवत्ता चाचणी अहवाल आणि मुख्य म्हणजे मोजमाप पुस्तिकेची प्रत. बिल निघते ते तिच्यातल्या लांबी, रुंदी आणि जाडीवर. रस्त्याच्या तुटलेल्या कडेला पट्टी लावली की डांबराचा थर ताडून पाहता येतो. अर्ज मात्र एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, हा आपल्या राज्याचा नियम.

खरे घोडे अडते ते पुढे. माहितीसाठी 30 दिवस, पहिल्या अपिलाच्या निर्णयासाठी फार तर 45. राज्य माहिती आयोगाकडे होणाऱ्या दुसऱ्या अपिलाच्या निकालाला 2005च्या माहिती अधिकार कायद्यात मुदतच नाही. आयोगापुढे तारीख लागेपर्यंत ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, उलटून जातो आणि दुरुस्ती पुन्हा करदात्यांच्याच पैशांतून होते. माहिती न देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 25 हजार दंड आहे, पण सुनावणीच झाली नाही तर तो लावणार कोण? सरकारने माहिती आयुक्तांची पदे ती रिकामी होण्याआधीच भरावीत आणि आयोगाने दुसऱ्या अपिलासाठी स्वतःला 90 दिवसांची मर्यादा घालून घ्यावी.

– एक वाचक