पुरळ नव्हे, दूध पाहा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाळाच्या पापणीवरच्या लाल गाठीसाठी डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल सुरू केले आणि हृदयाचे औषध एवढ्या कोवळ्या जिवाला का, या विचाराने तुम्हा दोघांची झोप उडाली आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. उपचार योग्यच आहे. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची ही लाल गाठ, पुढे आपोआप ओसरतो हे खरे असले, तरी तो डोळा झाकू लागला तर नजर कायमची मंदावू शकते, आणि तेवढी वाट पाहता येत नाही.

या औषधाचा हा गुण योगायोगाने उमगला. फ्रान्समधील बोर्दो येथे नाकावर असा हिमँजिओमा असलेल्या एका बाळाला हृदयविकारासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी भडक लाल गाठ जांभळट आणि मऊ झाली. ते निरीक्षण 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 460 बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. वजनाच्या दर किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम याप्रमाणे सहा महिने औषध घेतलेल्यांपैकी 60 टक्के बालकांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. औषधविरहित द्रव घेतलेल्यांत हे प्रमाण 4 टक्के होते.

मला खरी काळजी वाटते ती विषाणूजन्य तापाच्या दिवसांची. तापात बाळ दूध कमी पिते, आणि उपाशीपोटी यकृत साठ्यातून रक्तात साखर सोडते. प्रोप्रॅनोलॉल ज्या गटात मोडते तो बीटा-ब्लॉकर नेमके तेच काम मंदावतो, आणि तान्ह्या बाळाचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. शिवाय साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर हे औषध झाकून टाकते. म्हणून अंगाला थंड घाम, बाळ मलूल पडणे, दुधासाठीही जागे न होणे किंवा झटके, यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

अशा तापात उठणारे पुरळ पाहून घाबरू नकोस, बाळ किती दूध पिते ते पाहा. हात-पाय-तोंडाच्या आजारात तळव्यांवरचे फोड निरुपद्रवी दिसतात, पण तोंडातल्या व्रणांमुळे बाळ दोन घोट घेऊन रडत तोंड फिरवते. धोका तिथे असतो. रोझिओला या लहान मुलांच्या विषाणूजन्य आजारात तर तीन ते पाच दिवस चढा ताप असतो आणि तो उतरल्यावर पुरळ उठते, म्हणजे पुरळ दिसेपर्यंत उपासमारीचे दिवस बहुधा सरलेले असतात.

औषध नेहमी दूध पिताना किंवा पिऊन झाल्यावर द्यावे. बाळ पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर तो डोस टाळून डॉक्टरांना कळवावे. राहिलेला डोस नंतर दुप्पट करून भरून काढू नये. छातीत घरघर ऐकू आली तरी हाच नियम, कारण या औषधाने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. हे सारे रात्री बाळाजवळ असणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवे, नुसते तुम्हा दोघांना असून भागणार नाही.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा बाळाचे वजन वाढल्यावर डोस कसा बदलायचा आणि रात्री दोन दुधांमध्ये जास्तीत जास्त किती वेळ जाऊ द्यायचा, हे विचारून लिहून घे आणि मला कळव. वहिनींना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र