मथळ्यातला कर्ता कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाची मी जुनी वाचक आहे. त्याआधी 22 वर्षे मुद्रितशोधक म्हणून नोकरी केली असल्याने बातमीतील मजकुराआधी मला विभक्ती दिसते आणि ही खोड आता जाण्यासारखी नाही. गेली अनेक वर्षे एकाच साच्यातला मथळा वेगवेगळ्या वृत्तपत्रांत वाचते आहे : ‘लग्नास नकार दिल्याने तरुणीवर कोयत्याने वार’. या सहा शब्दांत ‘ने’ हा प्रत्यय दोनदा येतो. एकदा तो तिच्या नकाराला लागून कारण सांगतो, दुसऱ्यांदा कोयत्याला लागून साधन सांगतो. तिसरा ‘ने’ ज्याला लागायला हवा होता, तो वार करणारा माणूस मात्र वाक्यात कुठेच नाही. वाचणाऱ्याच्या मनावर ठसते ते एवढेच, की तिने काहीतरी केले आणि त्यातून हे घडले.

मथळ्याला जागा पुरत नाही, हे उत्तर मला ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः ऐकून घेतलेले आहे. एका वृत्तपत्रात असताना असाच मथळा मी ‘तरुणाने तरुणीवर कोयत्याने वार केले’ असा दुरुस्त करून पाठवला होता. रात्रपाळीच्या उपसंपादकांनी तो ‘लांबतो आहे’ म्हणून पूर्ववत केला. वास्तविक मूळ मथळ्यात 20 अक्षरे होती आणि माझ्या मथळ्यात 17. मी ती मोजून दाखवली नाहीत. त्यानंतरही कित्येक वर्षे ऱ्हस्व-दीर्घ तपासून असे मथळे मी छपाईला सोडले, तेव्हा या तक्रारीत माझाही वाटा आहे.

हल्ल्यामागचा हेतू बातमीत यायलाच हवा, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो रास्त आहे. पण तो हेतू आपल्यापर्यंत येतो कुठून, हेही पाहावे. मुलगी रुग्णालयात असते किंवा जिवंतच नसते. मग पहिल्या दिवशीच्या बातमीतले कारण बहुतेक वेळा पोलिसांनी आरोपीकडून ऐकलेले असते. ते ‘पोलिसांच्या प्राथमिक माहितीनुसार’ अशा शब्दांत खाली, मजकुरात द्यावे. मथळ्यात ते गेले की आरोपीची बाजू हीच घटनेची व्याख्या होऊन बसते. गुन्हा सिद्ध झालेला नसताना कर्ता कसा लिहायचा, या अडचणीसाठी ‘संशयित’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे.

याहून मोठी अडचण ‘एकतर्फी प्रेमातून’ या शब्दप्रयोगाची आहे. तो आपण साहित्यातून उसना आणला. झुरणारा, उपेक्षित, तरीही एकनिष्ठ असा प्रियकर कविता-नाटकांनी आणि पुढे चित्रपटांनी आपल्या इतका अंगवळणी पाडला आहे, की रोज बसथांब्यापर्यंत मुलीच्या मागे जाणाऱ्या माणसाच्या कृत्यालाही बातमीत त्याच प्रेमाचा मान मिळतो. कायद्याने मात्र 2013 सालीच या कृत्याचे नाव बदलले. दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आजच्या भारतीय न्याय संहितेतही तो कलम 78 खाली आहे. ‘छेडछाड’ या शब्दाचेही तेच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये न्यायाधीशांसाठी जी पुस्तिका काढली, तिने या शब्दाच्या ‘ईव्ह टीझिंग’ या प्रचलित इंग्रजी पर्यायाऐवजी ‘रस्त्यावरील लैंगिक छळ’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग सुचवला आहे. न्यायालये आपली भाषा तपासू लागली असताना वृत्तपत्रांना ते जड का जावे?

ही तक्रार नवी नाही. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली; ती शिक्षा पुढे काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्राने समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले. त्या मुलाला बापही असणार, हा प्रश्न त्या चर्चेत कोणाला महत्त्वाचा वाटला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून तो विचारला आणि स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दोष पुरुषांनाही लावून पाहिला. आज ज्याला स्त्रीवादी लेखन म्हणतो, त्यातला मराठीतील हा इतका आरंभीचा ग्रंथ एका वृत्तपत्रातील मजकुराला दिलेले उत्तर होता, ही गोष्ट पत्रकारितेच्या वर्गात आवर्जून सांगायला हवी. त्यानंतर 90 वर्षांहून अधिक काळ तो जवळपास विस्मृतीत होता; 1975 साली संशोधक स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. लहानपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंनी तर 1885 साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’ला ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने पत्रेच लिहिली होती. म्हणजे वाचकांच्या पत्रांच्या सदराला निदान एवढी जुनी परंपरा आहे.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या 98 व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. तारा भवाळकर होत्या. त्या सहाव्या महिला अध्यक्ष, हा आकडा बातम्यांत वारंवार आला. 98 संमेलनांत सहाच का, हा त्यापुढचा प्रश्न मी तरी क्वचितच वाचला. त्यांनी आयुष्यभर ज्या लोकसाहित्याचा अभ्यास केला, त्यात जात्यावरच्या ओव्या आहेत. ओवीतली सासुरवाशीण दुःख सांगते तेव्हा ते कोणी दिले तेही सांगते. सासू, नणंद, दीर, न्यायला न आलेला भाऊ हे सगळे तिच्या ओळीत स्पष्ट उभे असतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना जमलेली ही वाक्यरचना आपल्या उपसंपादकांना अवघड जाऊ नये.

माझी विनंती मर्यादित आहे. ‘नकार दिल्याने’, ‘एकतर्फी प्रेमातून’ आणि ‘छेडछाड’ हे तीन प्रयोग गुन्ह्यांच्या बातम्यांतून वगळावेत, अशी लेखी सूचना आपण वृत्तकक्षाला द्यावी. आणि बलात्कारासारख्या गुन्ह्यांत पीडितेचे नाव कायद्याने छापता येत नाही म्हणून तिचे गाव, महाविद्यालय आणि वडिलांचा व्यवसाय छापण्याची पळवाटही बंद करावी, कारण ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितले आहे.

या पत्राचा मथळा मी मोजून दिला आहे. जागेअभावी कापावा लागलाच, तर ‘कर्ता’ तेवढा ठेवावा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक