लंडनला निघण्याआधी आई-अण्णांना

ती. आई-अण्णांस,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई रडती आणि अण्णा "बघू" म्हणून ठेवून देतात. म्हणून लिहिते. अण्णा, वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका, मी बाळ्याला विचारणार आहे.

मी लंडनला चाललेय. किंग्ज कॉलेजात मेडिकल एथिक्स अँड लॉ, एक वर्षाचं एमए. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती मंजूर झालीय, व्हिसा आलाय, सप्टेंबरात निघायचं. तुम्हाला न विचारता ठरवलं असं मनात आणू नका. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, नुसते गप्प बसला असता, आणि तुमच्या गप्प बसण्यापुढं माझं काही चालत नाही. शेताला हात लागलेला नाही. सरकारी दवाखान्यातल्या नोकरीचा बॉण्ड पुरा झालाय. ऑपरेशनची एमएस सोडलेली नाही, पुढं ढकललीय. मामा म्हणतो तसं डॉक्टरकी सोडून वकिली करायची नाहीये. काळा कोट घालणार नाही.

मग कशाला, असं आई विचारणार. आई, पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या की ओपीडीत ज्या बायका येतात त्यांना मी विचारते, गर्भाची पिशवी का काढली? "डॉक्टर म्हनले, कॅन्सर हुईल." कागद वाचला का? "घरच्या मालकानं सही केली." वय विचारलं की माझ्याहून लहान निघते. २०१९ला सरकारनं समिती नेमली, तेव्हा आपल्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मावशी त्यात नाही, तिचं त्याच्या आधीचं. तिला यातलं काही बोलू नका.

कायदा नाही असं नाही. दिल्लीच्या समिरा कोहलींना नुसत्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी भूल दिली होती. त्या टेबलावर असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेतली आणि पिशवी काढून टाकली. २००८ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, बाई सज्ञान आहे, तिच्या आईची संमती चालत नाही. भरपाई किती? पंचवीस हजार! एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, आगाऊ उचलसुद्धा त्याहून जास्त असते. आणि त्याच निकालात असंही आहे की पेशंटला किती सांगायचं ते साधारण डॉक्टर मंडळी काय योग्य मानतात त्यावरून ठरवायचं. मला खुपतं ते हेच. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं २०१५ला हे माप बदललं. माँटगोमेरी नावाच्या शुगरच्या बाईला बाळाचे खांदे अडकण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितलाच नव्हता. कोर्ट म्हणालं, त्या बाईच्या जागी असणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटलं असतं ते बघा. हे आपल्याकडं, तीन मिनिटांच्या ओपीडीत, अंगठा लावणाऱ्या बाईसमोर कसं करायचं, ते मला शिकून यायचंय. एमएस करून ऑपरेशन करता येईल, हे नाही येणार.

अण्णा, आजीच्या वेळी बाहेरच्या बाकड्यावर तुम्ही मला विचारलं होतं, "नळ्या काढा म्हणलं तर पोलीस केस होती का?" मी थर्ड इयरला होते, काय सांगणार. आता सांगते. २०१८पासून आपलं कोर्ट म्हणतं, माणसानं शुद्धीत असताना लिहून ठेवलेलं असलं तर डॉक्टरांच्या मंडळांच्या संमतीनं उपचार थांबवता येतात, आणि २०२३पासून तो कागद नोटरीपुढंही होतो. लगेच करा असं नाही म्हणत. आजीच्या बाबतीत तुम्ही केलं ते बरोबरच केलं.

माझी काळजी करू नका. खोलीत हीटर आहे, स्वयंपाकाला ओटा आहे, ज्वारीचं पीठ तिथल्या दुकानात मिळतं. भाकरी आईसारखी फुगणार नाही, तेवढं सोसते. व्हिसाबरोबरच तिथल्या सरकारी दवाखान्याचे पैसे भरलेत, आजारी पडले तरी डॉक्टरचे पैसे खिशातून जाणार नाहीत. थंडीचं काय घेऊन बसलात, कारखान्यावरच्या कोपीत डिसेंबरात झोपलेलं लेकरू आहे मी. आई रात्री दोनला उठून मला गोधडीसकट उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर टाकायची, आणि फडात उजाडलं की आधी माझे पाय चाचपायची, गार पडलेत का म्हणून. पाचटानं चिरलेला तिचा हात खरखरीत लागायचा. अजून थंडी वाजली की तोच आठवतो.

आता नीट ऐका. आईचा गुडघा मी येईपर्यंत अडवून ठेवू नका, दुखत असेल तर दाखवा. पण ऑपरेशन म्हणाले तर त्याच दिवशी ॲडमिट व्हायचं नाही. नाही केलं तर काय होईल, दुसरा उपाय आहे का, हे आईनं स्वतः विचारायचं. आई, तुला पाटीवर सही मी शिकवली. 'कौ'च्या मात्रा तू आधी काढायचीस आणि अक्षर मग खाली बसवायचीस. आता येती म्हणून दिसेल तिथं करू नकोस! कागदाचा फोटो मला पाठव, मी वाचल्याशिवाय पेन धरायचं नाही. अण्णा, तुम्हीही तिच्या वतीनं करायची नाही. रागावू नका, पण नाहीच.

इन्शुलिन घेतल्यावर जेवायला उशीर करायचा नाही, पाहुणे आले तरी. सप्ताहात पंगतीला बसा, बुंदी एकदाच. टँकर आला की बाळ्याला हाक मारा, आईनं हंडा उचलायचा नाही. रविवारी रात्री आठला फोन करीन, तेव्हा माझी दुपार असेल. उचलला नाहीत तर मी शेजारच्या काकूंना लावीन, मग गावभर होईल.

तुमची,
ताई

ता. क. शुगरच्या मशीनच्या पट्ट्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या दिसल्या मागच्या खेपेला. त्या बाहेर ठेवायच्या, डबी घट्ट लावून. फ्रिजमध्ये फक्त न उघडलेलं इन्शुलिन, तेही बर्फाच्या कप्प्याजवळ नाही.