आधी पाणी, मग मासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय पहिल्यांदाच मांडणारे पुष्कळ जण टाकी, मीठ आणि मासे एकाच फेरीत विकत आणतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्यांतले बरेचसे मासे गमावून बसतात. मग समुद्री मासे नाजूकच असतात, घरात ते जगत नाहीत, असा समज पसरतो. तो चुकीचा आहे. क्लाउनफिशसारखा मासा नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. या मृत्यूंचे खरे कारण बहुतेक वेळा घाई हेच असते आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. बंद टाकीत मात्र साचत राहतो. शिवाय खाऱ्या टाकीचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४ इतका राखावा लागतो आणि सामू जितका चढा, तितका त्याच अमोनियाचा अधिक मोठा भाग विषारी रूपात राहतो. म्हणूनच गोड्या पाण्याच्या टाकीत मासे सांभाळण्याचा अनुभव असलेली माणसेही येथे फसतात. या विषावर उपाय जिवाणूच करतात. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट करतो, आणि नायट्रेट तुलनेने सौम्य असल्यामुळे ते वेळोवेळी थोडे पाणी बदलून आटोक्यात ठेवता येते. हे जिवाणू सच्छिद्र खडकांच्या आणि वाळूच्या पृष्ठभागावर वस्ती करतात, पण ही वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतून मिळणाऱ्या जिवाणूंमुळे हा काळ कमी होऊ शकतो. तरी टाकी तयार झाली की नाही हे बाटलीवरच्या चिठ्ठीने नव्हे, तर चाचणीनेच ठरवावे.

या काळात टाकीत एकही मासा असण्याची गरज नाही. ‘एखादा काटक मासा सोडून टाकी चालू करा’ हा जुना सल्ला आजही दिला जातो आणि तो मला क्रूर वाटतो, कारण त्यात एका जिवाला मुद्दाम विषात ठेवले जाते. त्याऐवजी अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून पाण्यातील अमोनिया लिटरला सुमारे २ मिलिग्रॅमपर्यंत न्यावा आणि चाचणी संचाने नोंदी ठेवत जाव्यात. एवढा अमोनिया घातल्यानंतर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, की टाकी पहिल्या माशासाठी तयार झाली असे समजावे. मधल्या काळात काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो. नव्या टाकीत तो बहुधा येतोच आणि कालांतराने ओसरतो, त्यामुळे घाबरून सगळी टाकी धुऊन काढू नये.

मिठाविषयीही गैरसमज आहेत. स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड, तर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे इतरही घटक असतात. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले समुद्री मीठच वापरावे. ते आरओ-डीआय, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार गाळून काढणाऱ्या, यंत्रातून काढलेल्या शुद्ध पाण्यात, वेगळ्या भांड्यात, पंप लावून विरघळवावे आणि क्षारता हजारी ३५ भागांच्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ ते १.०२६, आहे याची रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजण्याच्या उपकरणाने खात्री करून घ्यावी. पुढे टाकीतले पाणी रोज थोडे वाफेने कमी होते, पण मीठ मागेच उरते. त्यामुळे ही रोजची घट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढायची असते. तेथे खारे पाणी ओतत राहिल्यास क्षारता चढतच जाते. लहान टाकीत हे चढउतार झपाट्याने होतात. म्हणून ‘शिकण्यापुरती छोटी टाकी घ्या’ हा सल्ला मला मान्य नाही. नवशिक्याने जमल्यास दीडशे ते दोनशे लिटरची टाकी घ्यावी. मात्र तिचे वजन पाणी, खडक आणि काचेसह दोनशे किलोच्याही वर जाऊ शकते, तेव्हा खालचे स्टँड आणि जमीन तो भार पेलतील याची आधी खातरजमा करावी.

मासे निवडताना रंगाआधी त्यांचा आकार आणि आहार पाहावा. ब्लू टँग सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो; मँडरिन मासा मुख्यतः कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव जिवंत टिपून खातो आणि नव्या टाकीत ते पुरेसे नसल्यामुळे उपाशी मरतो. समुद्री शोभिवंत माशांच्या बहुतेक जाती आजही प्रवाळभित्तींवरूनच पकडल्या जातात आणि काही ठिकाणी त्यासाठी सायनाइडही वापरले गेले आहे. अशा परिस्थितीत टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी घेणे हीच उत्तम सुरुवात होय. प्रत्येक नवा मासा आधी किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला की त्यावरचे तांब्याचे औषध तेथे वापरता येत नाही, कारण तांबे कोळंबी, गोगलगाई आणि प्रवाळ यांना मारते. जाता जाता एक इशारा द्यायलाच हवा: टाकीतले खडक स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळू नयेत, त्यांवर वाढणाऱ्या झोअँथिड या प्रवाळासारख्या जीवांच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य असते आणि वाफेवाटे ते घरातल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते.

विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी टाकीबरोबर त्याच दिवशी मासा विकू नये. आधी चाचणी संच द्यावा आणि ग्राहकाने आणलेल्या नोंदी पाहिल्यावरच मासा द्यावा. आपल्या दैनिकानेही घरगुती मत्स्यालयांची छायाचित्रे छापताना ती टाकी माशांविना किती आठवडे चालवली होती, एवढी एक ओळ सोबत द्यावी.

आपला नम्र,
एक वाचक