टीव्हीवाल्या काकांना, 400 व्होल्टबद्दल

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण दुकानात येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझा उजवा हात कोपरापर्यंत झिणझिणत होता. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग टिकटिक करून मोजणारं यंत्र, करत होतो. 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी वस्तू, तिचा काय शॉक बसणार, अशा गुर्मीत बॅटरी काढून लगेच बोर्डाला हात लावला. पण आतल्या किरण टिपणाऱ्या ट्यूबसाठी बोर्ड त्या 9 चे 400 करतो. तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलंत, "कंडेन्सर केवढा घातलायस?"

एक मायक्रोफॅरड, 630 व्होल्टचा. मोठा घातला की व्होल्टेज स्थिर राहील, असा माझा हिशेब. तुम्ही तो उपटून 10 नॅनोफॅरडचा लावलात. म्हणजे त्याच व्होल्टेजला साठवण शंभरपट कमी. ट्यूबला करंट लागतो नावापुरता, तिला एवढी टाकी हवी कशाला? वर बॅटरी काढली तरी तो चार्ज जाणार कुठे? ट्यूब ठराविक व्होल्टेजखाली गप्प बसते, मग चांगल्या कंडेन्सरमध्ये तो तासन्‌तास पडून राहतो.

म्हणून तुम्ही त्याच्यावर 10 मेगओहमचे दहा रेझिस्टन्स एकामागोमाग जोडलेत. शंभर मेगओहम. बंद केल्यावर पाच सेकंदांत 400 चे तीन व्होल्टसुद्धा उरत नाहीत. एकच मोठा का नको, असं मी विचारलं, तर म्हणालात, "छोट्या रेझिस्टन्सलाही व्होल्टेजची मर्यादा असते, त्याला विचार." डेटाशीट उघडलं, तर पाव वॉटच्या त्या रेझिस्टन्सपुढे 250 व्होल्ट लिहिलेले.

पण खरे आभार मीटरचे. माझी ट्यूब जुनी सोव्हिएत बनावटीची, एसबीएम-20. तिला साधारण 350 ते 475 व्होल्टमध्ये ठेवायचं. त्या पट्ट्यात व्होल्टेज थोडं हललं तरी मोजणी फारशी बदलत नाही. मी ट्यूबच्या ॲनोडवर, म्हणजे धन टोकावर, मल्टिमीटर लावून 400 दिसेपर्यंत प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) फिरवला होता. मीटर काढताच ट्यूब वेड्यासारखी तडतडायला लागली. क्षणभर वाटलं, घरात काहीतरी भयंकर आहे! आईला खिडक्या लावायला सांगणार होतो.

तुम्ही कागदाच्या पुडीवर आकडे मांडलेत. मीटर स्वतःच 10 मेगओहमचा, त्याच्याआधी माझा 4.7 मेगओहमचा रेझिस्टन्स. मीटरला 400 दिसतात तेव्हा मागे 588 असतात. मीटर काढला की ते सगळे ट्यूबवर. "मीटर खोटं बोलत नाही रे, तो स्वतः किती पितो ते सांगत नाही एवढंच."

मग तुम्ही 10 मेगओहमच्या रेझिस्टन्सचं शंभराचं पाकीट फोडलंत आणि नव्याण्णव एका ओळीत, नागमोडी जोडलेत. मीटरचे 10 धरून बरोबर शंभरास एक, म्हणजे मीटरवर खऱ्या व्होल्टेजचा शंभरावा भाग दिसणार. दोन तास गेले. मध्ये एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं, त्याला उद्या या म्हणालात. प्रत्येक सांध्यावर कथलाची गोल गोळी, शेपूट दिसली की पुन्हा डाग. हे 25 हजार व्होल्टच्या पिक्चर ट्यूबचे संस्कार, 400 ला एवढं लागत नाही, पण मी बोललो नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं डाग देताना उरलेला चिकट फ्लक्स पुसलात आणि मला बोट लावू दिलं नाहीत. घामाच्या ठशातूनही एवढ्या मेगओहमला वाट मिळते म्हणून.

पहिलं माप घेताना माझा डावा हात तुम्ही खिशात घालायला लावलात. मीटरवर 5.88 आलं. प्रीसेट हळूहळू 4.00 वर आणला. तडतड थांबली. मिनिटाला वीस-बावीस टिक, बास.

परवा कृषी सेवा केंद्रातून म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत आणलं. पिशवी ट्यूबला टेकवल्यावर टिकटिक स्पष्ट वाढली. किरणोत्सर्गी पोटॅशियम-40 त्यात मुळातच असतं. बाबा आता पोत्याकडे संशयानं बघतात.

तुमच्या वडिलांचं ते अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ रविवारी काढून ठेवा, ट्यूब घेऊन येतो. रेडियमचा रंग असेल तर लगेच कळेल. फक्त मी येईपर्यंत काच उघडू नका. आणि या वेळी चहा माझ्याकडून.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा फिजिक्सवाला

ता.क. पाकिटातला शंभरावा रेझिस्टन्स तुमच्या ड्रॉवरमध्येच राहिलाय. तो माझा आहे.